चाळीस चौकटींची वही

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, दोन-अडीच आठवड्यांवर आला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "दरवर्षी ठरवतो, दरवर्षी मोडतं. यंदा उपवासकाळ पाळायचाच कशाला?" त्यातल्या एकांची गोष्ट सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

गृहस्थ पन्नाशीतले, हिशेबाच्या कामातले. बोलायच्या आधी त्यांनी वही पुढे सरकवली. दर वर्षाला एक पान, पट्टीने आखलेल्या ४० चौकटी, वर संकल्पांची यादी: एक वेळचं जेवण सोडणं, मोबाइल बंद, पहाटे बायबल, रोज क्रूसाची वाट (येशूच्या वधस्तंभाकडच्या प्रवासातल्या टप्प्यांवरची प्रार्थना)... मोजले, अकरा भरले. निळ्या शाईच्या खुणा नवव्या-दहाव्या चौकटीपर्यंत, मग एक लाल फुली आणि पुढे पान कोरं. चारही वर्षं तेच.

"फुली पडली की संपलं," ते म्हणाले. "मग कुठल्या तोंडाने प्रार्थनेला बसायचं?"

मी चौकटी बघत होते. उपवासकाळाचे ४० दिवस रविवार वगळून मोजतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवशीच्या पवित्र शनिवारपर्यंत कॅलेंडरवर ४६ दिवस होतात. यांनी सलग चाळीस आखलेल्या, म्हणजे त्या ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारीच संपत होत्या. त्यानंतरच्या पवित्र आठवड्याला पानावर जागाच नव्हती! तिथवर ते कधी पोहोचलेच नव्हते, म्हणून हिशेबी माणसाच्याही लक्षात आलं नव्हतं. हे दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

फुली कशाने पडली, ते विचारलं. मोह झाला, चोरून खाल्लं, असं एकदाही नाही. चारही वेळा संध्याकाळी मुलावर ओरडले होते. दुपारचं जेवण सोडलेलं, डोकं दुखत असलेलं. मग सहज बोलता बोलता कळलं की मधुमेहाची गोळी चालू आहे. इथे मी समुपदेशन थांबवते. आधी डॉक्टर, मग संकल्प. कॅथलिक नियमानुसार उपवास बंधनकारक आहे तो राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी, तोही १८ ते ५९ वयाच्या माणसांना. एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं खाता येतं. आजाऱ्याला त्यातूनही मोकळीक आहे. ही मोकळीक घेणं अनेकांना पळवाट वाटते. मला तरी ती घेतली नाही यातच जास्त अहंकार दिसतो.

अकरा संकल्पांमध्ये राग कुठेच नव्हता. बायबलमधल्या यशयाच्या ५८व्या अध्यायात नेमकी हीच तक्रार आहे: उपास करता आणि भांडता.

म्हणून राखेच्या बुधवारपर्यंत नवा संकल्प करायचा नाही, असं ठरलं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत उपवासकाळाच्या तयारीची सुरुवात परूशी आणि जकातदाराच्या दाखल्याने होते (येशूच्या या गोष्टीत धर्मनियम काटेकोर पाळणारा परूशी बढाई मारतो, जकातदार क्षमा मागतो), आणि त्या रविवारनंतरचा आठवडाभर नेहमीचे बुधवार-शुक्रवारचे उपासही सोडतात. कारण 'आठवड्यातून दोनदा उपास करतो' ही फुशारकी त्या परूश्याचीच! हे ऐकून गृहस्थ जरा चपापले.

तेवढ्या दिवसांत त्यांनी रोज रात्री दोनच ओळी लिहायच्या होत्या: आज आवाज कुणावर चढला, आणि त्याआधी काय घडलं. पुढच्या भेटीला त्यांनी ओळी वाचून दाखवल्या. पाच नोंदी, पाचही कामावरून घरी पाऊल टाकल्यावरच्या पहिल्या पंधरा मिनिटांतल्या. मुलाला पहिला प्रश्न अभ्यासाचा, आणि तिथून भडका.

संकल्प मग एकच उरला. घरी आल्यावर पंधरा मिनिटं कुणाला काही विचारायचं नाही. बसून बायबलमधलं पश्चात्तापाचं स्तोत्र ५१ सावकाश वाचायचं. राखेच्या बुधवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, तेच स्तोत्र असतं, त्यामुळे ओळखीचं.

"हे मुलाला सांगितलं पाहिजे," मी म्हटलं. ते अडले. उपास गुप्त ठेवा, असं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे ना? आहे. पण तिथे बोलणं आहे ते लोकांच्या वाहवेसाठी केलेल्या उपासाबद्दल. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी नियम घालून दिले. त्यातल्या ४९व्या प्रकरणात उलट सांगितलंय की या काळात आपण काय अर्पण करणार ते प्रत्येकाने मठप्रमुखाला सांगावं. परस्पर केलेलं फुकटच्या मोठेपणात जमा होतं. "पण माझा मठप्रमुख सोळा वर्षांचा आहे," ते म्हणाले. तरी त्यांनी सांगितलं.

ईस्टरनंतर ते वही घेऊन आले. या वेळी ४६ चौकटी होत्या, खुणा मुलाच्या हातच्या, जरा तिरक्या. तेराव्या चौकटीत लाल फुली होती, विसाव्यात आणि एकतिसाव्यातही. चौदाव्यात निळी खूण होती, आणि तिच्या शेजारी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं: 'आज अकरा मिनिटं. चालेल.'