कढीपत्ता : न उगवलेले बी, पिवळी पाने आणि शिंगवाली अळी

या पंधरवड्यात कढीपत्त्याविषयी तीन तक्रारी आल्या. एकाचे बी उगवले नाही, दुसऱ्याची पाने पिवळी पडली, तिसऱ्याच्या झाडाचे शेंडे अळीने फस्त केले. उत्तरांआधी एक सांगतो. कढीपत्ता, म्हणजे विदर्भातला गोडलिंब, कडुलिंबाचा कोणी लागत नाही. तो लिंबू-संत्र्याच्या कुळातला आहे.

बी उगवले नाही कारण ते डब्यात वाळवून ठेवलेले होते. हे बी वाळले की मेले. सह्याद्रीत आणि हिमालयाच्या पायथ्याला हे झाड रानात आपोआप वाढते, कारण पावसाळ्यात पक्षी फळे खातात आणि बी ताजेच ओल्या मातीत पडते. आपणही तेच करायचे. काळपट जांभळी, पिकलेली फळे घ्या, गर चोळून धुवा आणि लगेच पिशवीत लावा. त्याहून सोपे म्हणजे जुन्या झाडाच्या मुळावरचे फुटवे पावसाळ्यात मुळासकट काढून लावणे.

पिवळ्या पानांच्या फोटोत कोवळे पान पिवळे आणि शिरा मात्र हिरव्या आहेत. ही लोहाची कमतरता. मातीच्या ढेकळावर लिंबू पिळून बघा. फसफसले तर जमीन चुनखडीची. तिथे लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि पाणी साचले तर आणखी बिघडते. नुसता युरिया टाकून काही होणार नाही. आधी पाण्याचा निचरा करा, मग फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचे खत, शेणखतात मुरवून बुंध्याभोवती द्या.

अळी मी स्वतः पाहून आलो. लहानपणी ती पानावर पडलेल्या पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून कोणी लक्ष देत नाही. मोठी झाली की हिरवीगार. काडीने डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगे काढते आणि उग्र वास सोडते. ही लिंबूच्या झाडावरच्या फुलपाखराची अळी. बांधावर लिंबूचे झाड आहे का, असे विचारले तर होते, अगदी खेटून!

पाच-पन्नास झाडे असतील तर सकाळी हाताने वेचा. जास्त असतील तर अळी लहान असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. त्यासाठी ५०० ग्रॅम निंबोळी पावडर ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा आणि साबणाचे १ लिटर द्रावण मिसळा. फवारणी संध्याकाळी करा. कापसाचे उरलेले औषध मात्र यावर मारू नका. हे पान तोडले की दुसऱ्या दिवशी थेट फोडणीत जाते. कीडनाशकांच्या अंशांमुळेच युरोपीय संघाने भारतीय कढीपत्त्यावर काटेकोर तपासणी लावली होती.

नवी लागवड करणाऱ्यांनी वाण विचारला आहे. धारवाड कृषी विद्यापीठाच्या दोन वाणांपैकी डीडब्ल्यूडी-१ थंडीत नीट फुटत नाही. ज्यांच्याकडे हिवाळा कडक आहे त्यांनी डीडब्ल्यूडी-२ घ्यावा.