ओपनसीव्हीतला लाइव्ह व्हिडिओ दहा मिनिटांत अर्धा मिनिट मागे पडतो. इंटरनेटचा वेग वाढवू का?

इतक्यात नको. आधी हिशेब बघा.

तुम्ही लिहिलंय की निपाणीच्या वखारीतला आयपी कॅमेरा आरटीएसपीवरून (नेटवर्कवरून थेट व्हिडिओ देण्याची पद्धत) सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं देतो. त्या पायथनमध्ये ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या लायब्ररीनं वाचायच्या, हालचाल शोधायची आणि त्याच लूपमधून सॉकेटवरून घरच्या संगणकाला पाठवायच्या, असं तुमचं काम चालतं. सेकंदाला २५ म्हणजे दर ४० मिलिसेकंदांना एक फ्रेम. समजा तुमच्या लूपला एका फेरीला ४२ मिलिसेकंद लागतात. फरक फक्त २ मिलिसेकंदांचा. पण दहा मिनिटांत कॅमेरा १५,००० फ्रेम काढतो आणि तुम्ही सुमारे १४,२८६ उरकता. उरलेल्या ७१४ फ्रेम म्हणजे साडेअठ्ठावीस सेकंद. हाच तुमचा अर्धा मिनिट.

हंगामात आपल्याकडे साखर कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, तसंच हे आहे. आत घेण्याचा वेग येणाऱ्या गाड्यांपेक्षा जरासा कमी पडला की रांग वाढतच जाते, आणि मागचा ऊस वाळत बसतो. गेटपर्यंतचा रस्ता रुंद केला म्हणून गाळप वाढत नाही. ऊस मात्र फेकता येत नाही, जुनी फ्रेम फेकता येते, आणि फेकलीच पाहिजे.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून इतकं कळकळीनं सांगतोय. खानापूर तालुक्यात पश्चिमेला, जंगलाला लागून मामांचं भाताचं शेत आहे. भात पोटरीला आलं की रात्री गवे उतरतात. माळ्यावर जागरण करून मामा थकले होते, म्हणून बांधावर इन्फ्रारेड कॅमेरा आणि खोपीत एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक, बसवला. पहिल्याच आठवड्यात एका पहाटे मामांचा फोन आला, "अरे, गवे कवाच खाऊन गेले की! तुझ्या मोबाइलात अजून रिकामंच शेत दिसलालंय." रात्रभर चाललेला प्रोग्राम तोवर कितीतरी मिनिटं मागे पडला होता. मी लाइव्ह म्हणून जे बघत होतो ती शिळी रात्र होती. त्या कोपऱ्यातलं भात गेलं ते गेलंच.

उपाय असा. कॅमेरा वाचायचं काम वेगळ्या थ्रेडला, म्हणजे प्रोग्रामच्या सोबतीनं चालणाऱ्या दुसऱ्या धाग्याला, द्या. त्या थ्रेडनं न थांबता वाचत राहायचं आणि फक्त शेवटची एक फ्रेम हाताशी ठेवायची, नवी आली की जुनी टाकून. प्रक्रिया करणारा थ्रेड मोकळा झाला की ती उचलतो. दोघांमध्ये एक लॉक (एका वेळी एकानंच फ्रेमला हात लावावा म्हणून) आणि फ्रेमची कॉपी, बस. क्यू (फ्रेमची रांग) वापरणार असाल तर लांबी एकच ठेवा, आणि भरली असेल तर थांबायचं नाही, जुनी काढून नवी घालायची. पायथनच्या जीआयएलची (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं कुलूप) इथे धास्ती नको, ओपनसीव्हीचं आतलं काम सी++ मध्ये चालतं तेव्हा तो सोडलेला असतो. बफरसाइज (साठवून ठेवायच्या फ्रेमची संख्या) एक करा असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण ती सेटिंग ओपनसीव्हीच्या आतला व्हिडिओ वाचणारा प्रत्येक बॅकएंड पाळतोच असं नाही, तिच्यावर विसंबू नका.

मधल्या फ्रेम वाचायच्याच टाळू असं मात्र करता येत नाही. एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत बहुतेक फ्रेम म्हणजे आधीच्या फ्रेमपासून काय बदललं एवढीच नोंद. मधली गाळली तर पुढचं चित्र फाटतं. म्हणून डीकोड (उलगडून चित्र करणं) सगळ्या करायच्या, प्रक्रिया काहींवरच.

प्रक्रियेसाठी कॅमेऱ्याची सबस्ट्रीम, म्हणजे त्याचाच लहान आकाराचा दुसरा प्रवाह, घ्या. गवा ओळखायला ६४० बाय ३६० पुरतं, वखारीतल्या माणसालाही पुरेल. मी ओपनसीव्हीतल्या एमओजी२ नं पार्श्वभूमी वजा करतो, म्हणजे फक्त हललेलं तेवढं उरतं. खरा त्रास झाला तो पावसाच्या रेघांचा आणि इन्फ्रारेड दिव्यावर जमणाऱ्या किड्यांचा. बारीक ठिपके पुसले, ठरावीक क्षेत्रफळापेक्षा लहान डाग सोडून दिले, आणि लागोपाठच्या आठांपैकी पाच फ्रेममध्ये डाग असेल तरच हालचाल मानली, तेव्हा खोटे इशारे आटोक्यात आले. तुमच्या वखारीत पाऊस नाही, पण दिव्यापुढे कोळी जाळं विणणारच. भिंगाजवळचा दिवा बंद करून तो चार हात लांब लावता आला तर उत्तम.

आता पाठवणं. कच्ची फ्रेम पाठवत असाल तर ते आजच थांबवा. १९२० बाय १०८० ची एक फ्रेम ६२ लाख बाइट्सची असते, २५ फ्रेमना सेकंदाला जवळपास साडेबाराशे मेगाबिट लागतात. ते नेहमीच्या घरगुती लाइनीला झेपणारं नाही. तयार चित्र पाइपनं एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रामला द्या आणि एच.२६४ करून घ्या. त्याच्या सेटिंग अशा: प्रीसेट अल्ट्राफास्ट, ट्यून झीरोलेटन्सी, आणि कीफ्रेम (स्वतःत पूर्ण असलेलं चित्र) दर एक-दोन सेकंदांनी, म्हणजे वाटेत काही हरवलं तरी चित्र लवकर सावरतं. स्वतःच्या टीसीपी सॉकेटवर जेपेग पाठवणार असाल तर आधी चार बाइट्समध्ये लांबी आणि मग तेवढे बाइट्स पूर्ण येईपर्यंत वाचणं, हे नीट करा. टीसीपीला निरोपांच्या सीमा माहीत नसतात, एका पाठवणीचे तीन तुकडे होऊन येऊ शकतात. फ्रेम पाठवायला पायथनचं पिकल (वस्तू बाइट्समध्ये बांधण्याची सोय) वापरू नका. समोरून कुणी भलतं काही पाठवलं तर ते तुमच्या संगणकावर चालू शकतं.

वखारीत सिमकार्डाचं नेट असेल तर बाहेरून तिथे जोडणी बहुधा जुळणारच नाही, कारण मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. तेव्हा उलट करा, वखारीतूनच भाड्याच्या सर्व्हरकडे व्हिडिओ ढकला. तिथे मीडियाएमटीएक्स हा व्हिडिओ पुढे वाटणारा प्रोग्राम ठेवला की ब्राउझरमध्ये वेबआरटीसी या थेट पद्धतीनं बघता येतं, उशीर सेकंदाच्या आसपास राहतो. एचएलएस ही दुसरी पद्धत घेतलीत तर काही सेकंदांचे तुकडे साठवून मग दाखवण्यात सहज दहा-वीस सेकंद जातात. राउटरवर कॅमेऱ्याचा पोर्ट जगाला उघडून देऊ नका.

शेतावर मी आता रात्रभर व्हिडिओ पाठवतच नाही. हालचाल पक्की झाली की मामांच्या फोनवर आधी एक जेपेग जातं, पावसात रेंज रडत असली तरी तेवढं पोचतं. व्हिडिओ त्यांनी मागितला तरच सुरू होतो. वखारीलाही हेच पुरेल असं माझं मत आहे.

बदल करण्याआधी एक मोजमाप घ्या. मोबाइलचं स्टॉपवॉच कॅमेऱ्यासमोर धरा, घरच्या पडद्यावर कोणता आकडा दिसतोय ते त्याच क्षणी दुसऱ्या फोनवरून विचारून स्टॉपवॉचच्या आकड्याशेजारी लिहून घ्या. सुरू केल्यावर एकदा आणि अर्ध्या तासानं पुन्हा. दोन्ही फरक इथे टाका, म्हणजे अडतंय ते वाचताना की पाठवताना ते शोधू.