काटोलकडे विजेची सहकारी संस्था काढता येईल का, आणि वाईट वर्षात ती तगेल का?

प्रश्न असा आहे: काटोल तालुक्यात संत्र्याचं वावर आहे, डीपी (रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर) जळली की आठवडा आठवडा पाणी बंद पडतं. अमेरिकेत गावकऱ्यांच्या मालकीच्या वीज संस्था वाईट वर्षातही सभासदांना सांभाळून घेतात असं वाचलं. मग दूध सोसायटीसारखी विजेची सोसायटी आपल्याकडे का नको?

मी नागपूर ग्रामीण भागात वीजबिलाच्या वसुलीत आणि हिशेबात नोकरी केली, आता निवृत्त आहे. थेट सांगतो. कायद्याची आडकाठी नाही. २००३ च्या वीज कायद्यात कलम ५ आणि कलम १३ मध्ये ग्रामीण वितरणासाठी सहकारी संस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे. पण पोल, तारा, वीजखरेदी आणि वसुली असं सगळंच अंगावर घेणारी संस्था काढू नका. त्याऐवजी काय करता येईल ते खाली लिहिलंय, पण आधी कारण समजून घ्या.

महाराष्ट्रात हा प्रयोग झालेला आहे. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं आणि अमेरिकेतल्या संस्थांच्या धर्तीवर देशात पाच ठिकाणी वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या: श्रीरामपूरची मुळा-प्रवरा, कर्नाटकात हुक्केरी, गुजरातेत कोडिनार, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला आणि उत्तर प्रदेशात लखनौ. हुक्केरी आणि सिरसिल्ला आजही वीज वाटतात. मुळा-प्रवरा चाळीसेक वर्षं चालली. २०११ मध्ये तिचा परवाना संपला आणि तिचं क्षेत्र महावितरणकडे गेलं. तेव्हा तिच्याकडची वीजखरेदीची थकबाकी दोन हजार कोटींच्या पुढे गेलेली होती.

सहकारात मुरलेल्या, साखर कारखाने चालवणाऱ्या नगर जिल्ह्यात हे झालं. म्हणजे माणसं अडाणी होती, असं कुणी म्हणू नये. माझ्या मते घोळ गणितातच होता. संस्थेनं ठोक भावात वीज विकत घ्यायची आणि सभासदांना विकायची. त्यात कृषिपंपाचा दर संस्थेच्या हातात नाही, तो वीज नियामक आयोग आणि सरकारचं अनुदान मिळून ठरवतात. ठोक खरेदीचा दरही तिच्या हातात नाही, त्यावरून वाद वर्षानुवर्षं चालले. दोन्ही टोकं दुसऱ्याच्या हातात आणि मधला तोटा संस्थेच्या माथी. सरकारनं अनुदान जाहीर केलं तर रक्कम आगाऊ द्यावी, असं कायद्याचं कलम ६५ सांगतं. छोट्या संस्थेला ही रक्कम दोन हंगाम उशिरा मिळाली तरी तिचा श्वास कोंडतो.

यातला सगळ्यात अवघड भाग वसुलीचा. थकबाकीदाराला १५ दिवसांची नोटीस देऊन कनेक्शन कापता येतं, हे कागदावर सोपं आहे. आमच्याकडे एका गावात थकबाकीची यादी घेऊन बसलो होतो, तेव्हा सोसायटीचे एक जुने संचालक म्हणाले, "साहेब, तुमी बाहेरचे आहा म्हनून कापता. आमी आपल्याच मानसाची लाईन कशी कापाची? उद्या त्याच्याच घरी लग्नाले जायाचं हाय." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दूध सोसायटीत माल सभासदाकडून येतो आणि पैसे संस्था देते, त्यामुळे वळतं करून घ्यायला जागा असते. विजेत उलटं आहे. माल आधी वापरून होतो, पैसे मागायला नंतर जावं लागतं. पीक बुडालेल्या वर्षी ते कुणाकडे मागणार?

आता वाईट वर्षाचंच बघा. २०२० घ्या. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, मीटर रीडिंग थांबलं, सरासरीनं बिलं गेली आणि जूनमध्ये तीन महिन्यांचं एकत्र बिल हातात पडल्यावर राज्यभर ओरड झाली. ते निस्तरतं न निस्तरतं तोच ऑगस्टच्या शेवटी पेंचच्या धरणांतून पाणी सोडावं लागलं आणि पारशिवनी, कामठी, मौदा, कुहीकडे कन्हानचा पूर आला. पुरात नुसती वीज जात नाही. पोल आडवे होतात, तारा गाळात जातात, डीपीत पाणी शिरतं. ते उभं करायला राखीव रोहित्रं लागतात, तारेचे ड्रम लागतात, आणि बाहेरून माणसं आणावी लागतात. राज्यभर पसरलेली कंपनी दुसऱ्या जिल्ह्यातून गँग बोलावू शकते. एका तालुक्याच्या संस्थेचं मात्र सगळंच एकाच रात्री पाण्याखाली जातं आणि तिला दुसरा तालुका नसतो.

अमेरिकेतल्या संस्था इथेच वेगळ्या पडतात. १९३५ मध्ये रूझवेल्टनी ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं, तेव्हा तिथल्या दहापैकी नऊ शेतांवर वीज नव्हती. आज अशा सुमारे ९०० संस्था आहेत आणि त्या एकेकट्या नाहीत. वादळ आलं की शेजारच्या राज्यांतल्या संस्थांचे लाईनमन बकेट गाड्या घेऊन निघतात, तसे करार आधीच झालेले असतात. कर्जासाठी त्यांनी १९६९ मध्येच स्वतःची वित्तसंस्था काढली. वर्षाअखेर शिल्लक उरली तर ती सभासदाच्या नावे जमा होते, पण लगेच हातात मिळत नाही. बऱ्याच वर्षांनी परत मिळते आणि तोवर तोच पैसा तारा-खांबांत खेळतो. म्हणजे वाईट वर्षाची तजवीज चांगल्या वर्षांत झालेली असते. लाभांश वाटून निवडणूक जिंकण्याची सवय असलेल्या संचालक मंडळाला हे पचेल का, याचा विचार करा.

आणि एवढं असूनही त्या बुडू शकतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात हिमवादळ आलं, बाजारातला विजेचा भाव मेगावॅट-तासाला ९,००० डॉलरवर पोचला. एका युनिटला ९ डॉलर! ब्रॅझोस नावाची मोठी संस्था १६ सभासद संस्थांना वीज पुरवत होती. तिच्यावर दोन अब्ज डॉलरहून जास्त देणं चढलं आणि १ मार्चला तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या दिवसांत वीज खरेदीचा भाव ना तिच्या हातात होता, ना तिच्या सभासदांच्या.

म्हणून माझं सांगणं: जिथे भाव दुसरा ठरवतो तिथे शिरू नका, आणि जे तुमच्या हातात आहे तिथे मात्र पक्की संस्था करा. तुमचं दुखणं डीपीचं आहे ना? तिथूनच सुरू करा.

६३ केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीच्या साधारण बारा-तेरा मोटारी नीट चालतात. प्रत्यक्षात वीस असतात, तारेवर चोरून टाकलेले दोन-चार आकडे वेगळे. त्यात प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटोस्विच, म्हणजे वीज आली की मोटार आपोआप सुरू. थ्री फेज आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि रोहित्राचं वाइंडिंग जातं. आंबिया बहाराची फळं बोराएवढी असताना हे झालं तर काय गळ होते ते तुम्हाला सांगायला नको. मग डीपी बदलायला वर्गणी, ट्रॅक्टर, फेऱ्या.

एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी बसून ठरवलं तर यातलं बरंच टळतं. ऑटोस्विच काढून पाळीनं मोटारी सुरू करायच्या. पाच एचपीला २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर प्रत्येकानं बसवायचा, डीपीवरचा भार चांगलाच उतरतो. आकडा टाकणाऱ्याला गटानंच समज द्यायची, आणि भार खरोखर जास्त असेल तर वाढीव डीपीचा अर्ज एकेकट्यानं न करता सगळ्यांच्या सह्यांनी करायचा. दर हंगामाला थोडी रक्कम बँकेत टाका, संत्री विकल्यावर लगेच, कारण पैसा असतो तो तेव्हाच. पाच वर्षांसाठी साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून बिलमाफी आहे. तेवढ्या काळात हा फंड उभा करा, पुन्हा अशी संधी येईल असं धरून चालू नका.

हे दोन-तीन हंगाम जमलं तर मग नोंदणीकृत संस्थेचं बघा, आणि ती वीज वाटण्यासाठी न काढता वीज तयार करण्यासाठी काढा. शेतीत सौरऊर्जा आणण्याच्या पीएम-कुसुम या केंद्राच्या योजनेच्या 'अ' घटकात सहकारी संस्था, शेतकरी गट, ग्रामपंचायत यांना ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारून वीज कंपनीला विकता येते. गिऱ्हाईक एकच, भाव करारानं ठरलेला, आणि शेजाऱ्याची लाईन कापायची वेळ कधी येत नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात सहा शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौरपंपांची सहकारी मंडळी काढली: आधी आपल्या पिकाला पाणी, उरलेली वीज ग्रिडला. अवर्षणात पीक गेलं तरी ऊन असतं, त्यामुळे वाईट वर्षातही चार पैसे येतात. वाईट वर्षात सभासदाला सांभाळणारी संस्था आपल्याकडे उभी राहिली तर ती या वाटेनंच राहील, असं मला मनापासून वाटतं.

एका मेगावॅटला चार-पाच एकर जागा धरा. उपकेंद्र पाच किलोमीटरच्या आत असलं तर लाईनचा खर्च आटोक्यात राहतो. तुमच्या गावात मोकळी ई-क्लास (सरकारी पडीक) जमीन किती आहे हे तलाठ्याकडून काढा आणि उपकेंद्राचं अंतर मोजून घ्या. दोन्ही जुळत असेल तर इथेच खाली लिहा, उपविधींचा मसुदा करायला मी मदत करतो.