क्षपण म्हणजे घट, मग फिओफायटिनला इलेक्ट्रॉन मिळतो तो कसा?

प्रश्न असा आहे की प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात "फिओफायटिनचं क्षपण होतं" असं लिहिलेलं असतं (फिओफायटिन हा पानातला हरितद्रव्यासारखा एक रेणू), आता क्षपण म्हणजे कमी होणं, आणि इथे तर त्याला एक इलेक्ट्रॉन जास्तीचा मिळतोय, मग शब्द उलटा पडलाय का?

उलटा नाही, जुना आहे. खनिजातून धातू काढताना ऑक्सिजन निघून जायचा आणि हाती आलेल्या धातूचं वजन खनिजापेक्षा कमी भरायचं, त्यावरून इंग्रजीत रिडक्शन आणि आपल्याकडे क्षपण (क्षय आणि क्षपण एकाच घराण्यातले). इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा, हा शब्द त्याच्या कितीतरी आधी रुळलेला, त्यामुळे नंतर अर्थ इलेक्ट्रॉनवर गेला तरी नाव तेच राहिलं.

आता पानात काय होतं ते बघू. हरितलवकातल्या थायलाकॉइडच्या (चपट्या पिशव्यांच्या) पटलात फोटोसिस्टिम-२, म्हणजे प्रथिनं आणि हरितद्रव्यांचा प्रकाश वापरणारा संच असतो, त्याच्या मध्यभागी पी६८० नावाचं खास हरितद्रव्य, ६८० म्हणजे ते शोषतं त्या प्रकाशाची नॅनोमीटरमधली तरंगलांबी. प्रकाशाची ऊर्जा इथवर पोचली की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि काही पिकोसेकंदांतच, म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या हिशोबात, शेजारच्या फिओफायटिनकडे जातो. फिओफायटिन म्हणजे मॅग्नेशियम नसलेलं हरितद्रव्य, त्या जागी दोन हायड्रोजन. त्याच्यावर ऋण भार आला, झालं क्षपण. पी६८० वर धन भार राहिला, ते झालं ऑक्सिडीकरण, ऑक्सिजनचा काहीएक संबंध नसताना! बऱ्याच नोट्समध्ये इथे "इलेक्ट्रॉन उत्सर्जित होतो" असं असतं ते मला पटत नाही, कारण तो कुठे मोकळा बाहेर पडत नाही, एका रेणूवरून थेट दुसऱ्यावर जातो. "दिला जातो" म्हणा, पुरे.

भार घटला म्हणून क्षपण, अशी खूण मुलांना सांगतात. फिओफायटिनला ती चालते, त्याच्या पुढच्या प्लास्टोक्विनोनलाही (इलेक्ट्रॉन पुढे नेणारा रेणू, हा जागेवर घट्ट बसलेला, इलेक्ट्रॉन एका वेळी एकच घेतो) चालते. पण त्याच्यापुढे दुसरा प्लास्टोक्विनोन असतो, तो दोन इलेक्ट्रॉन येईपर्यंत थांबतो, सोबत बाहेरून दोन प्रोटॉन उचलतो आणि प्लास्टोक्विनॉल होऊन जागा सोडून पटलात फिरायला निघतो, आणि इथे ती खूण फसते, कारण दोन ऋण दोन धन मिळून एकूण भार जिथल्या तिथेच. तरीही ते क्षपणच. म्हणून भार मोजत बसण्यापेक्षा इलेक्ट्रॉन कोणी घेतला एवढंच बघावं, घेणाऱ्याचं क्षपण, देणाऱ्याचं ऑक्सिडीकरण, आणि ही दोन्ही कायम जोडीनेच होतात, एकट्याचं काही होत नाही.

पी६८० ची रिकामी जागा कोण भरतं असं पुढे विचारलंय. ती भरतं टायरोसिन, हे एक अमिनो आम्ल, तेही प्रथिनाचाच भाग, आणि टायरोसिनला देतो चार मँगनीज आणि एक कॅल्शियमचा पुंजका. असं चार वेळा झालं की पुंजका दोन पाण्याच्या रेणूंकडून चार इलेक्ट्रॉन वसूल करतो आणि ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो, हा चार टप्प्यांचा हिशोब शास्त्रज्ञ बेसेल कोक यांनी १९७० मध्ये मांडला. त्यामुळे "पाण्याचं ऑक्सिडीकरण" हे वाक्यही बरोबरच आहे, पाण्याला ऑक्सिजन मिळाला असा त्याचा अर्थ नाही, पाण्याने इलेक्ट्रॉन दिले आणि त्यातूनच ऑक्सिजन बाहेर आला.