नववी-दहावीच्या मुलांचा आरोग्य सर्व्हे घ्यायचाय, मुलं खरं लिहितील का?

तुम्ही विचारलंय की एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) प्रोजेक्टसाठी नववी-दहावीच्या मुलांना व्यसन, टेन्शन, घरचं वातावरण यावर प्रश्न द्यायचेत, तर ती खरं लिहितील का. लिहितात, पण कागद कोणाच्या हातात जाणार याची भीती नसेल तरच. मी बीड जिल्ह्यात शाळांमधून हे काम करते. पहिल्या वेळेस आम्ही हजेरी नंबर टाकायला लावला अन् वर्गशिक्षक बाकांमधून फिरायलेत, मग काय, तंबाखूच्या प्रश्नाला अख्ख्या शाळेचं "नाही", आणि मैदानाच्या मागं पुड्यांचा खच. २०१९ च्या ग्लोबल यूथ टोबॅको सर्व्हेत भारतातली १३ ते १५ वयाची ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरत होती, म्हणून शाळेतून शून्य आलं की चूक आपली समजा.

पुढच्या वेळेस नाव नाही, नंबर नाही, सर बाहेर, कागद घडी करून कुलूपबंद डब्यात. "तंबाखू खाता का" विचारू नका, "मागच्या ३० दिवसांत किती दिवस" विचारा, आणि पुडी, गुल, मिसरी वेगवेगळं छापा. मिसरीला आपल्याकडं लई पोरी तंबाखू धरतच नाहीत, आजी लावते म्हणून ह्यापण लावतात. नशेच्या यादीत एक नाव मनानंच बनवून टाका, त्याच्यावर खूण आली म्हणजे न वाचताच खुणा केल्यात किंवा थापा मारल्यात, तो कागद बाजूला.

आणि दिवाळीनंतर घेऊ नका. तेव्हा कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, आईवडिलांसोबत गेलेली लेकरं वर्गात नसतातच, अन् आपल्याला खरं तर त्यांचंच ऐकायचं असतं. जुलै-ऑगस्टला घ्या.

बरं, नुसते वाईटाचेच प्रश्न नका ठेवू, कळकळीनं सांगते. डब्ल्यूएचओच्या १३ ते १७ वयाच्या शालेय सर्व्हेतसुद्धा आईवडिलांना तुझ्या अडचणी समजतात का, वर्गातली मुलं मदत करतात का, असं विचारतात. आम्ही शेवटी एक रिकामी ओळ ठेवली होती, "तुला कशानं बरं वाटतं?" एकानं लिहिलं, "आई रात्री फडातून फोन करते तेव्हा." आजीजवळ ठेवलेलं लेकरू असणार, त्याला सांभाळून धरणारी गोष्ट ती होती आणि आमच्या चार पानांत तिला जागाच नव्हती. तेव्हापासून फोनचा प्रश्न आम्ही छापूनच टाकतो, आणि शाळेत मन मोकळं करता येईल असं एक तरी मोठं माणूस आहे का, हाही.

पालकांची लेखी संमती आधी घ्या, मुलांनाही नको वाटलं तर कागद कोरा देऊ द्या. जीव द्यावासा वाटला का हा प्रश्न असेल तर टेलिमानस १४४१६ (मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन) आणि चाइल्डलाइन १०९८ (मुलांची हेल्पलाइन) लिहिलेली चिठ्ठी सगळ्यांनाच वाटा, कारण नाव नसल्यावर कोण ते तुम्हाला कळणार नाही. आणि "कोणालाच सांगणार नाही" असा शब्द मात्र देऊ नका, एखादीनं समोर येऊन लैंगिक अत्याचाराचं सांगितलं तर पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवावंच लागतं, हे तिला आधी माहीत पाहिजे.