पाच वर्षांचा आराखडा नंतर, आधी एप्रिलपर्यंतचा हिशेब

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी तीन गावांत हंगामी वसतिगृहं, 11 कर्मचारी, निम्म्याहून जास्त पैसा एका कंपनीच्या सीएसआरचा (कायद्याने समाजकामावर करायच्या खर्चाचा) आणि बाकीचा परदेशी देणगीचा. परदेशी देणगी घेण्यासाठी लागणाऱ्या एफसीआरए नोंदणीची मुदत पुढच्या वर्षी संपतेय, कंपनीकडून नूतनीकरणाबद्दल काहीच बोललं जात नाही, आणि विश्वस्त मंडळाला पाच वर्षांचा आराखडा हवाय. उद्याचीच खात्री नसताना तो करायचा कसा, असं तुम्ही विचारलंय.

माझं स्पष्ट मत सांगते. तो आराखडा सध्या बाजूला ठेवा. तुमच्या कामाचं खरं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की संपतं. नियोजन त्या एका हंगामाचं करा, पण कडक करा.

उचल, म्हणजे तोडीची आगाऊ मजुरी, पावसाळ्यातच घेतलेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाडी भरताना आईबाप ठरवतात, पोरगी सोबत न्यायची की आजीपाशी ठेवायची. ते तुमच्या शब्दावर ठरतं. जानेवारीत तुमचं स्वयंपाकघर बंद पडलं तर ती पोरगी थेट फडावर जाते आणि तिची त्या वर्षीची शाळा संपते. म्हणून जेवढा पैसा आज खात्यात आहे किंवा सही झालेल्या करारात आहे, त्यातून एप्रिलअखेरपर्यंत जेवढी मुलं सांभाळता येतील तेवढ्यांचीच नावं लिहून घ्या. मागच्या वर्षी 60 होती आणि यंदा हिशेब 40 वरच थांबत असेल, तर 40. उरलेल्या 20 घरांना सप्टेंबरमध्येच जाऊन सांगा, म्हणजे त्यांना दुसरी सोय बघायला वेळ मिळेल. हे सांगायला जाताना पाय जड होतात, मला माहीत आहे. तरी जा.

आता पैशाकडे येऊ. प्रत्येक पैसा वेगळ्या पद्धतीने थांबतो.

सीएसआरचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि तुमची मुलं तेव्हा वसतिगृहातच असतात. त्यामुळे कंपनीला एकच प्रश्न आधी विचारा: तुमच्या कागदावर आमचा प्रकल्प ‘ऑनगोइंग’, म्हणजे एका वर्षात न संपणारा, म्हणून मंजूर आहे का? असेल तर वर्षाअखेर न खर्चलेली रक्कम कंपनीला 30 दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि ती पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच कामावर खर्च करता येते. नसेल तर ती कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात नमूद केलेल्या एखाद्या सरकारी निधीत जाते आणि तुमच्या हातून सुटते. या एका शब्दावर तुमचा एप्रिल अवलंबून आहे, आणि बहुतेक संस्था तो विचारतच नाहीत. कंपनीची रक्कम मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्क्यांवर ठरते, म्हणून धंदा मंदावल्याचा परिणाम हळूहळू दिसतो. धोरण मात्र एका बैठकीत बदलतं. सीएसआर विभागातली तुमच्या ओळखीची व्यक्ती बदलली, की तो इशारा समजा.

परदेशी देणगीचं वेगळं. मुदत संपण्याच्या किमान चार महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करा, असं गृह मंत्रालयाने एप्रिल 2025 मध्ये कळवलंय. तुम्ही चारावर थांबू नका, सहा महिने आधीच कागद पूर्ण करा. मुदत संपली आणि नूतनीकरण हातात नसेल तर नवे पैसे घेता येत नाहीत, शिवाय खात्यातले जुनेही वापरता येत नाहीत. त्यामुळे मुदत संपण्याच्या आसपासचे पगार आणि किराणा त्या खात्यावर ठेवू नका. तुमची मुदत ऐन हंगामात संपत असेल तर किराण्याची जबाबदारी आताच देशी पैशावर आणा. आणि कितीही अडचण आली तरी एका खात्यातलं दुसऱ्यात तात्पुरतं फिरवू नका. ‘पुढच्या महिन्यात परत टाकू’ म्हणून केलेली ती एक नोंद संस्थेच्या अंगाशी येते.

यातलं बरंचसं मी ठेच लागून शिकले. आमची संस्था गावपातळीवर आरोग्याचं काम करायची. पैसा एका मोठ्या संस्थेमार्फत यायचा, तिला परदेशातून मिळायचा. सप्टेंबर 2020 मध्ये कायदा बदलला आणि परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करायला बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 वर आली. आमचा करार पुढच्या वर्षापर्यंतचा होता, पण एका पत्राने संपला. त्याहून मोठी चूक आम्ही स्वतः केली. काहीतरी मार्ग निघेल या आशेवर गावातल्या 14 कार्यकर्त्यांना आम्ही डिसेंबरपर्यंत काही सांगितलंच नाही. तोवर एकीने पगाराच्या भरवशावर बचत गटातून कर्ज उचललं होतं. तिने मला विचारलं, “ताई, तुम्हाला माहीत होतं ना?” त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. नंतर पैसा आला, काम पुन्हा उभं राहिलं, पण ती परत आली नाही.

म्हणून तुमच्या अकरा जणांना आजच समोर बसवा. हातात किती महिन्यांचा पगार आहे तो आकडा फळ्यावर लिहा, आणि दर महिन्याला तो बदला. कोणता पैसा थांबला तर कोणतं काम आधी थांबेल, हे सगळं शांत असतानाच ठरवून मंडळाच्या ठरावात घाला. माझा क्रम असा आहे: आधी गाडी आणि कार्यक्रम, मग कार्यालय, मग आमच्यासारख्या वरच्या माणसांचे पगार, आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघर. पैसा खरोखर थांबतो त्या दिवशी हा क्रम ठरवायला बसलात, तर ज्याचा आवाज मोठा त्याचं काम वाचतं.

राजकारणाबद्दल तुम्ही थोडं संकोचून विचारलंय, म्हणून मोकळेपणाने लिहिते. 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता मार्च ते जून आणि विधानसभेची ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होती. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे नेमकी तुमची मुलं दाखल होण्याची वेळ. आचारसंहितेत नव्या मंजुऱ्या अडकतात, म्हणून समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेतून हंगामी वसतिगृहाला मदत घेणार असाल तर मंजुरीची धावपळ पावसाळ्यातच संपवा. स्थानिक नेत्यांशी संबंध सगळ्यांशी ठेवा, फोटो मात्र कोणा एकाच्या गळ्यात पडून नको. आमच्याकडे नियम आहे: विश्वस्ताला जिल्हा परिषदेला उभं राहायचं तर आधी राजीनामा. त्यानंतर धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद. तो दाखल करायचा राहिला तर बँकेत सह्या अडतात आणि नव्या कंपनीशी करार करताना पहिला प्रश्न तोच येतो. तुमचे जुने चेंज रिपोर्ट मंजूर झालेत का, हे या आठवड्यात तपासा.

अनुदान एका रात्रीत थांबणं हे काही आजचं नाही. 1948 च्या सुमारास मुंबई सरकारने कर्मवीर भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेचं अनुदान रोखलं होतं. गाडगेबाबांनी तेव्हाचे मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि ते पुन्हा सुरू झालं. मला त्यात महत्त्वाचं हे वाटतं, की तोवर ती संस्था गावांनी आपली मानली होती. तीस वर्षं लोकांनी तिला आपल्या घरातलं दिलं होतं, म्हणून तिच्यासाठी बोलणारं कोणीतरी होतं.

तुमच्या तीन गावांतून अकरा पगार निघणार नाहीत, ती अपेक्षाही नको. पण 200 माणसांनी महिन्याला 200 रुपये दिले तर 40 हजार होतात. त्यात भाडं, वीजबिल आणि एका कार्यकर्तीचं मानधन निघतं, म्हणजे दार उघडं राहतं. गावातून पुण्या-मुंबईला गेलेले शिक्षक, पोलीस, नर्स यांच्यापासून सुरुवात करा. पावती त्याच दिवशी द्या. 80-जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी नोंदणी) असेल तर 2,000 रुपयांवरची रोख देणगी सवलतीला धरत नाहीत, हे आधीच सांगा, आणि देणगीदारांचं विवरण 31 मेपर्यंत भरा. असा कुठल्याही अटीशिवाय आलेला पैसा वर्षभरात संपवून टाकू नका. उत्पन्नातले 15 टक्के मागे ठेवायला आयकर कायदा मोकळीक देतो. सीएला विचारून त्यातून पगाराचा राखीव निधी सुरू करा. पहिल्या वर्षी एका महिन्याचा पगार साठला तरी खूप आहे.

मंडळाच्या बैठकीत पाच वर्षांच्या आराखड्याऐवजी एकच कागद न्या. वर एका मुलाचा ऑक्टोबर ते एप्रिलचा खर्च, खाली हातातली रक्कम, आणि भागाकार करून येणारी मुलांची संख्या. एका मुलाचा खर्च काढताना आजारपण आणि गॅसची भाववाढ धरायला विसरू नका, आमचा अंदाज दरवेळी तिथेच चुकायचा.