दहा रुपयांची उधारी

बेळगावात माझ्याकडे समुपदेशनाच्या पहिल्या भेटीला त्या आल्या त्या फाईल घेऊनच. थायरॉइड, बी-१२, व्हिटॅमिन डी, सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले आणि सगळे ठीक. "डॉक्टर म्हणतात, तुम्हाला काही झालेलं नाही. मग मला रोज संध्याकाळी पाच वाजता रडू का येतं?"

वय त्रेचाळीस. माहेर आणि सासर दोन्ही नाशिकचं. नवरा उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये बदलून आला, त्याला तीन वर्षं झालेली. मुलगी पुण्याला होस्टेलवर. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ भाड्याचा फ्लॅट, वारा भरपूर, पाणी बरं, शेजार सभ्य. "तक्रार करावी असं काहीच नाही हो. पण मी इथं पाहुणीच आहे. आणि पाहुणीला तीन वर्षं कोण ठेवून घेतं?"

(त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना नाशिकच्या ताई म्हणते.)

"इथं करमत नाही" हे वाक्य मी बेळगावात महिन्यातून चार वेळा तरी ऐकते. कॅम्पातल्या लष्करी कुटुंबांकडून, मेडिकलला आलेल्या पोरांकडून, लग्न होऊन सोलापूर-साताऱ्याहून आलेल्या सुनांकडून. घरचे त्यावर "होईल सवय" म्हणतात आणि विषय संपवतात. मी आधी वेगळं तपासते. झोप, भूक, वजन, कामात लक्ष, जगणं नको वाटतं का. मन उदास राहणं किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे जवळजवळ रोज चाललं असेल आणि त्याबरोबर झोप-भूकही बिघडली असेल, तर ते नुसतं न करमणं नसतं. तिथं मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचंच. मरणाचे विचार असतील तर तेवढीही वाट बघायची नाही. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो आणि फुकट आहे. ताईंची झोप चांगली होती, जेवण होतं, मुलीशी फोनवर हसून बोलत होत्या. फक्त पाच वाजले की घर अंगावर यायचं.

आता माझी चूक सांगते. मी मूळची इथलीच, त्यामुळे गावाचा अभिमान जरा जास्तच. मी त्यांना यादी दिली. किल्ल्यातली कमल बस्ती बघा, जैन मंदिर आहे, १२०४ सालचं. टिळकवाडीत राहता तर काँग्रेस विहीर बघा, १९२४ च्या अधिवेशनाला खोदलेली. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. गोकाकचा धबधबा पावसातच बघा, येताना करदंट ही तिथली मिठाई आणा. कुंदा तर खाच.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. प्रत्येक ठिकाणचा फोटो काढला होता. "बस्ती पाहिली, छान आहे. विहीर पाहिली, छान आहे. कुंदा खाल्ला. गोड आहे."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. पाहुणीला करतात तेच मी केलं होतं, गाव दाखवलं होतं. नवराही बिचारा तीन वर्षं दर रविवारी तेच करत होता. राजहंसगड, मॉल, जांबोटीकडे एक चक्कर, आणि घरी येताना गाडीत दोघंही गप्प.

मग मी एकच प्रश्न विचारला. "उद्या तुम्ही घराबाहेर पडला नाहीत, तर या गावात कुणाच्या लक्षात येईल?"

त्यांनी खरंच विचार केला. दुधाची पिशवी दाराच्या कडीला लागते. किराणा फोनवरून. भाजी फोनवरून, आणणारा पोरगा दर वेळी वेगळा. कामवाली बाई तोंडाला मास्क लावून येते, कानात फोन असतो. "कुणाच्याच नाही," त्या म्हणाल्या. मग पदराशी चाळा करत, "नाशिकला सराफ बाजारातून गेले तर दहा जण हाक मारायचे. कटकट वाटायची तेव्हा."

नवा गृहपाठ बारीक दिला. फोनवरून भाजी बंद. एकच विक्रेता निवडायचा, एकच वेळ ठरवायची, पंधरा दिवस रोज जायचं. एका दिवसाचीच भाजी घ्यायची, फ्रीज भरायचा नाही. आणि आनंद वगैरे घ्यायचा नाही, फक्त जायचं. ही शेवटची अट मी मुद्दाम घालते. 'एंजॉय करा' म्हटलं की माणूस स्वतःची परीक्षा घेत बसतो, मला मजा येतेय का, अजून का येत नाही. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. आमच्या उपचारातही मन तयार व्हायची वाट न बघता आधी पाय हलवायचे, मन मागून येतं, असाच क्रम असतो.

त्यांनी गेटाजवळ झाडाखाली बसणारी एक मावशी निवडली. येळ्ळूरहून सकाळच्या बसने यायची. पहिले पाच दिवस काही घडलं नाही. ताई मेथीची 'जुडी' मागायच्या, मावशी 'पेंडी' द्यायची, दोघी आपापल्या शब्दावर ठाम. सहाव्या दिवशी मेथी आणि कोथिंबीर मिळून तीस रुपये झाले. ताईंकडे एक वीसची नोट आणि एक पाचशेची. मावशीकडे मोड नव्हती आणि फोनवरचं स्कॅनर पोराच्या खिशात, पोरगा बाजारात.

"ऱ्हाऊ दे. उद्या द्या की दहा."

"आणि उद्या मी नाही आले तर?"

"येतासा की. जेवाय लागतंयच की न्हवं?"

हे सांगताना ताईंचा आवाज पहिल्यांदा वर गेला. त्यांच्या माहेरी उधारी म्हणजे पाप. वडील वाण्याकडे आठ आणे राहिले तरी रात्री देऊन यायचे. "मॅडम, मला रात्री ते दहा रुपये आठवत होते! सकाळी उठले ते आधी सुट्टे शोधले." मी वहीत तेवढंच लिहिलं: सकाळी उठल्याबरोबर बाहेर जायचं कारण.

फोनवरून पैसे देण्यात वाईट काही नाही, माझी फीसुद्धा तशीच येते. पण त्यात हिशेब तिथल्या तिथे संपतो. उधारीत उद्याचा दिवस गृहीत धरलेला असतो, 'तुम्ही येणार' हे समोरच्याने तुमच्या आधी ठरवून टाकलेलं असतं. तीन वर्षांत या गावातल्या कुणीही ताईंबद्दल एवढं ठामपणे काही गृहीत धरलं नव्हतं. मी म्हटलं, दहा रुपये द्या, पण हिशेब कधी पूर्ण मिटवू नका. कधी तुमचे तिच्याकडे राहू देत, कधी तिचे तुमच्याकडे.

नवरात्र आलं. मावशीच्या पाटीत रताळी आली. "ही आमची न्हवंत, उचगावाकडची. तांबड्या मातीतली हाईत, उकडून बघा." ताई दोन दिवस तापाने पडल्या आणि तिसऱ्या दिवशी गेल्या तर मावशी कोथिंबीर निवडता निवडता, वर न बघता म्हणाली, "काय ओ अक्का, दोन दिस आला नाईसा?"

त्या भेटीत ताई बराच वेळ याच एका वाक्याबद्दल बोलत होत्या. तीन वर्षांत त्यांना कुणीतरी हजेरी विचारली होती.

भाषेचा धाकही असाच, न ठरवता गेला. कन्नड येत नाही म्हणून त्या बसने जात नसत, पाट्या बघून गोंधळत. मावशीपुढे बसून त्यांनी पाहिलं की एक गिऱ्हाईक "एष्ट्री?" (कितीला?) विचारतंय, मावशी कन्नडमध्ये भाव सांगतेय आणि त्याच श्वासात ताईंना मराठीत "वांगी घ्या की, जवारी हाईत" म्हणतेय. मधे सांधा कुठे दिसतच नाही. महिनाभरात ताईंना बेकु, बेड, साकु (हवं, नको, पुरे) एवढं आलं आणि बाजारात तेवढ्यावर निभतं. सीमाप्रश्नाबद्दल लोक माझ्याकडे येऊनही बोलतात, पोटतिडकीने बोलतात. तो माझ्या खोलीत सुटणारा नाही. भाजीचा प्रश्न सुटतो.

दिवाळी पाडव्याला मावशीच्याच सांगण्यावरून त्या नवऱ्याला घेऊन म्हशी बघायला गेल्या. शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं लावलेल्या, गळ्यात घुंगरांच्या माळा असलेल्या म्हशी मोटारसायकलींच्या मागे धावत होत्या आणि सायलेन्सरचा तो आवाज! ताईंना आवाज सोसला नाही, म्हशी आवडल्या. मी त्यावर काही बोलले नाही. सगळंच आवडायला पाहिजे असं थोडंच आहे.

खरी गाठ सुटली ती मार्चमध्ये.

त्याआधी एका भेटीत त्या अडखळत म्हणाल्या होत्या, "इथं रमले तर आईला काय वाटेल?" आई नाशिकला भावाकडे असते, रोज फोनवर विचारते, "कधी येणार तुम्ही परत?" न करमणं ही ताईंची आईशी ठेवलेली इमानदारी होती. पुष्कळांच्या बाबतीत असं असतं. नव्या गावाबद्दल एक चांगला शब्द काढला तर जुन्या घराचं दार आपणच लोटलं असं वाटतं. मी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "नाशिकचं सगळ्यात जास्त काय आठवतं?"

"रहाड."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनचे दगडी हौद आहेत. एरवी मातीखाली बुजवलेले. रंगपंचमीला उघडतात, रंगाच्या पाण्याने भरतात आणि लोक त्यात धप्पा मारतात. ताईंचे भाऊ तिवंध्याच्या रहाडीतून निघायचे आणि आठ दिवस कातडीचा रंग जायचा नाही. "इथं सगळं धुळवडीलाच. रंगपंचमी या लोकांना माहीतच नाही. त्या दिवशी मी दार लावून बसते."

मी चमकले. "ताई, तुम्ही रंगपंचमीला शहापूरला गेला आहात कधी?"

बेळगाव शहरात धुळवडीला रंग. पांगुळ गल्लीत अश्वत्थामा मंदिरासमोर त्या रंगाच्या चिखलातूनच लोक लोटांगण घालतात. पण शहापूर, वडगाव भागात रंग खेळतात तो पंचमीला. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, बेळगाव ब्रिटिशांकडे. संस्थान गेलं, मधली हद्द गेली, दोन्हीकडची घरं एकमेकांना लागली, तरी रंगाचा दिवस काही एक झाला नाही. रेल्वेच्या ओव्हरब्रिजवरून पाच-दहा मिनिटांत तुम्ही एका तिथीतून दुसऱ्या तिथीत जाता. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं आणि माझ्या त्या दिमाखदार यादीत ते नव्हतं. बस्ती होती.

पंचमीला ताई गेल्या. खडेबाजारच्या तोंडाशी रिक्षावाल्याने "पुढं जात नाय" म्हणून उतरवलं. पांढऱ्या साडीत गेल्या होत्या, मुद्दाम. एका गल्लीत पिंपातून पाणी उडवणाऱ्या पोरांनी आधी विचारलं, "काकू, घालू काय?" त्यांनी मान हलवली. मग तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. आईने केसांपासून पायांपर्यंत लाल झालेली लेक पाहिली आणि विचारलं, "अगं, नाशिकला कधी आलीस?"

त्यानंतर आईने 'परत कधी येणार' विचारणं थांबवलं का? नाही. अजून विचारते. ताईंना आता त्याचा त्रास कमी होतो, एवढंच. पाचचं रडूही एकदम गेलं नाही. आठवड्यातून एखाद दिवशी येतं, आणि त्या म्हणतात, तेव्हा बाहेर पाऊस असतो. बेळगावच्या पावसात तेवढं माफ.

मे महिन्यात पाटीत करवंदं, जांभळं आली. मग जून, मग जुलै. जुलैत त्या ठरलेल्या दिवसाच्या आधीच आल्या, छत्री ठिबकत, चेहरा उतरलेला. आठ दिवस मावशी बसली नव्हती. शेजारची फुलंवालीही पावसामुळे येत नव्हती, विचारणार कुणाला? फोन नंबर घेतलेला नाही. "आजारी असेल का हो? गुडघा दुखतो म्हणत होती."

मी शांतपणे ऐकून घेतलं. मागच्या सप्टेंबरात 'कुणाच्या लक्षात येईल' म्हणून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर बसलं होतं, फक्त उलट्या बाजूने. म्हटलं, "येळ्ळूर कितीसं लांब आहे? बस जाते."

रविवारी एकट्या गेल्या. देवळामागच्या गल्लीत विचारलं तर घराला कुलूप. कुणीतरी शिवाराकडे हात केला. बांधावरून घसरत, चपला हातात घेऊन त्या पोचल्या, तर भाताच्या वाफ्यात सात-आठ बायका प्लॅस्टिकची खोळ पांघरून ओणव्या, रोप लावत होत्या. त्यातली एक कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि डोळ्यांवरचं पाणी पुसून बघत राहिली.

"अग्गं बाई! अक्का? दहा रुपय द्याय इतक्या लांब आलासा व्हय ओ?"

"दिलेत का मग?" मी विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या. "सुट्टे नव्हते."